पंख्याच्या पानांचे पाम: ओळख, लागवड आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नर्सरीत ‘फॅन पाम’ या एकाच नावाखाली निदान आठ-दहा वेगवेगळी झाडं विकली जातात. त्यांतली काही तीन मीटरवर थांबतात, काही पंचवीस मीटर वाढतात. काहींना सावली लागते, तर काही सावलीत कुजतात. म्हणून आधी ओळखीचे प्रश्न आणि मग लागवडीचे. माहिती मुख्यतः कोकण, गोवा, मुंबई-ठाणे आणि पठारावरच्या बागा डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे.

पंख्याचा पाम म्हणजे नेमका कोणता?

ज्याच्या पानाच्या सगळ्या पाकळ्या (पट्ट्या) देठाच्या टोकापासून चहूकडे फाकतात, तो. माड, पोफळ, शिंदी, खजूर यांची पानं पिसासारखी असतात: मधे लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना पाती. भेरली माडाचं पान दोनदा विभागलेलं असतं, तो या गटातला नाही. आपल्याकडचा सर्वांत परिचित पंख्याचा पाम म्हणजे ताड.

पान पंख्याचं असलं तरी दोन प्रकार पडतात. काहींत देठ पात्याच्या सुरुवातीलाच संपतो आणि पान सपाट राहतं (राफिस, थ्रिनॅक्स). काहींत देठ पात्यात आतपर्यंत शिरतो, त्यामुळे पान मधोमध वाकून दोन्ही बाजू खाली झुकतात (बिस्मार्किया, लॅटानिया, बजरबट्टू). दहा पावलांवरून दिसणारा हा फरक अर्धी ओळख पटवून देतो.

लहान रोप ओळखायचं कसं? सगळी सारखीच दिसतात.

पात्याकडे बघू नका, देठाकडे बघा. लहानपणी पात्याचा आकार फसवतो. पहिली दोन-तीन पानं तर साध्या पट्टीसारखीच असतात. देठ फारसा फसवत नाही. या क्रमाने तपासा:

१. देठाच्या कडा. काटे आहेत का, कसे आहेत, कुठपर्यंत आहेत?
२. देठ आणि पातं मिळतात तिथे वरच्या बाजूला जिभेसारखा छोटा उंचवटा असतो, त्याला हॅस्ट्युला म्हणतात. शिंदी-खजुरात तो नसतो. तो लहान आहे की मोठा, सरळ आहे की एका बाजूला कललेला, हे पाहा.
३. देठाचा बुडखा खोडाला धरतो तिथे मधोमध चिरलेला आहे की अखंड.
४. पानाची खालची बाजू: हिरवी, रुपेरी की मेणचट.
५. पट्ट्यांची टोकं: अणकुचीदार, लोंबती की कात्रीने कापल्यासारखी बोथट.

मग प्रत्येकाची खूण सांगा.

ताड: देठाच्या कडा काळ्या, कडक, वेड्यावाकड्या करवतीसारख्या. हात फिरवला तर रक्त येतं. पातं ताठ, हिरवं ते किंचित राखी.

चायना पाम (लिव्हिस्टोना चायनेन्सिस): पट्ट्यांची टोकं दुभंगून खाली लोंबतात, हीच त्याची सर्वांत सोपी खूण. लहान रोपाच्या देठावर खालच्या भागात काटे असतात, झाड मोठं झालं की कमी होतात. फळं निळसर-हिरवी, चकचकीत.

टेबल पाम: पान जवळजवळ पूर्ण गोल आणि लहानपणी फारच देखणं, देठावर मात्र दणकट काटे. लेबलवर लिव्हिस्टोना रोटुंडिफोलिया लिहिलेलं असतं. २०११ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला सॅरिबस या वेगळ्या प्रजातीत धरतात. झाड तेच आहे, दोन नावांना दोन किमती देऊ नका. कुंडीत मीटरभर दिसणारा हा पाम जमिनीत पंधरा मीटरच्या पुढे जातो, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

बिस्मार्किया: मूळचा मादागास्करचा. पानं निळसर-रुपेरी, जाड, मेणाचा थर असलेली. बोट घासलं तर थर निघतो आणि खालचा हिरवा रंग दिसतो. देठावर तपकिरी खवल्यांचे ठिपके. हॅस्ट्युला मोठा आणि एका बाजूला कललेला. हिरव्या पानांचा प्रकारही असतो.

लॅटानिया: रियुनियन, मॉरिशस आणि रॉड्रिग्स या तीन बेटांच्या तीन जाती, अनुक्रमे लाल, निळी, पिवळी. लहानपणी लाल जातीचे देठ आणि पानांच्या कडा खरोखर लालभडक दिसतात, पण वयाबरोबर रंग फिका पडतो. निळ्या जातीचं रोपही लहानपणी लालसर असतं, त्यामुळे दोन्हींची गल्लत नेहमी होते. बी मिळाली तर मात्र शंका राहत नाही, कारण तिच्या कवचावर कोरीव नक्षी असते आणि ती प्रत्येक जातीची वेगळी.

वॉशिंग्टोनिया रोबस्टा: मेक्सिकोतला. देठ लालसर-तपकिरी, कडांना वाकडे काटे, पट्ट्यांच्या मधून पांढरे धागे लोंबतात.

प्रिचार्डिया: ‘फिजी फॅन पाम’ म्हणून विकतात. देठावर एकही काटा नाही, पान मोठं, कमी चिरलेलं, घड्या स्पष्ट. हिरवं मोठं पान आणि गुळगुळीत देठ असेल तर आधी हाच समजावा.

लिकुआला ग्रँडिस: पान अजिबात न चिरलेलं, घड्याघड्यांचं, कडा दातेरी. मूळ वानुआतू आणि आसपासच्या बेटांचा. त्याचाच भाऊबंद लिकुआला पेल्टाटा ईशान्य भारतात आणि अंदमानात रानात वाढतो. त्याचं पान देठापर्यंत पाचरीसारख्या तुकड्यांत चिरलेलं असतं.

राफिस: वेताएवढी बारीक, बरीच खोडं एकत्र, खोडावर काळपट तंतूंची जाळी, पट्ट्यांची टोकं बोथट, कापल्यासारखी. काटे नाहीत.

ताड आणि बजरबट्टू यांत फरक काय? लांबून दोन्ही सारखे वाटतात.

आकारात. पूर्ण वाढलेल्या ताडाचं पान साधारण मीटर-दीड मीटर रुंद; बजरबट्टूचं पाच मीटरपर्यंत जातं. ताडाचा फुलोरा पानांच्या बगलेतून दर वर्षी येतो, बजरबट्टूचा शेंड्यातून आणि आयुष्यात एकदाच. बजरबट्टू तीस ते ऐंशी वर्षांचा झाला की सहा ते आठ मीटर उंचीचा फुलोरा काढतो (वनस्पतींमधला सर्वांत मोठा), फळं पिकायला सुमारे वर्ष घेतो आणि मरतो. लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ते काळे टणक मणी याच्याच बिया.

ताडाला फांद्या फुटलेल्या पाहिल्या आहेत. तो ताडच का?

बहुतेक करून तो रावणताड, म्हणजे हायफिनी. दीव आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तो नैसर्गिकरीत्या वाढतो. त्याचं खोड दोनात, मग पुन्हा दोनात फुटत जातं. साध्या ताडाला फांदी फुटली तर तो शेंड्याला झालेल्या इजेचा किंवा विकृतीचा अपवाद.

ताडगोळे खाऊन उरलेल्यातून ताड उगवेल का?

नाही. ताडगोळा म्हणजे कोवळं, अपक्व बी. उगवायला पूर्ण पिकून आपोआप गळलेलं फळ लागतं. बाहेरून काळं, आतून केशरी गराचं. एका फळात बहुधा तीन बिया असतात.

गर सोलून, धुऊन बिया थेट कायमच्या जागी आठ-दहा सेंटीमीटर खोल लावा. ताड आधी वर येत नाही. बीमधून एक जाड नळी सरळ खाली उतरते, अर्धा मीटर किंवा त्याहूनही खोल जाते आणि रोपाचा कोंब त्या नळीच्या टोकाशी तयार होतो. जमिनीवर पहिलं पान दिसायला सहा महिन्यांहून अधिक लागू शकतात. दोन महिने झाले, काही दिसत नाही म्हणून उकरून पाहणारे नेमकी ती नळी मोडतात. ताडाची रोपं पिशवीत न मिळण्याचं आणि उपटून लावलेली न जगण्याचं कारणही हेच.

बाकीच्यांच्या बिया कशा रुजवायच्या?

बी ताजी हवी. बहुतेक पामांच्या बिया वाळल्या की मरतात; वर्षभर पाकिटात पडून राहिलेली बी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

१. गर पूर्ण काढा. गर राहिला की बुरशी येते, शिवाय काही फळांचा गर उगवण रोखतो. हातमोजे घाला, कारण काही पामांच्या गराने खाज सुटते.
२. स्वच्छ पाण्यात २४ ते ४८ तास भिजवा, पाणी रोज बदला.
३. कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात. मूठ दाबली तर थेंब गळू नये, इतकंच ओलं.
४. लहान बिया झिप पिशवीत याच मिश्रणात ठेवून पिशवी बंद करा. मोठ्या बिया कुंडीत, बीच्या जाडीइतक्याच खोल.
५. तापमान २८ ते ३५ अंश. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे ते फुकट मिळतं; डिसेंबरात पुण्या-नाशकात पेरलं तर बी नुसती पडून राहते.

वॉशिंग्टोनिया दोन ते सहा आठवड्यांत उगवतो, चायना पाम एक ते तीन महिन्यांत, बिस्मार्किया दोन ते चार महिन्यांत. लिकुआला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वाट पाहायला लावतो.

बिस्मार्किया आणि लॅटानियाही ताडासारखे आधी खाली उतरतात. त्यांना किमान ४० सेंटीमीटर खोल पिशवी किंवा पाइपचा तुकडा द्या. उथळ ट्रेमध्ये नळी तळाला आपटून वळते आणि रोप कायमचं खुरटतं.

राफिस बियांपासून करावा का?

कशाला? जूनमध्ये गड्डा बाहेर काढा आणि धारदार सुरीने प्रत्येक भागात तीन-चार खोडं आणि भरपूर मुळं राहतील असे भाग करा. एकेक खोड सुटं काढलं तर निम्मी मरतात. नवीन कुंडीत लावून सहा आठवडे पूर्ण सावलीत ठेवा आणि नवं पान दिसेपर्यंत खत देऊ नका.

फ्लॅटमध्ये किंवा बाल्कनीत कोणता चालेल?

राफिस. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीजवळ तो वर्षानुवर्षं राहतो. दुपारचं ऊन पडलं की पिवळा पडतो. त्यानंतर लिकुआला, पण मुंबई-कोकणातच. त्याला दमट हवा आणि वाऱ्यापासून आडोसा लागतो. पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीत लिकुआला ठेवणं म्हणजे पान फाडायला ठेवणं. टेबल पाम तीन-चार वर्षं चांगला दिसतो, मग जागा मागतो. बिस्मार्किया कुंडीत ठेवू नका.

टोकं तपकिरी होणं ही घरातल्या पामांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण क्षार असतात: बोअरचं जड पाणी आणि वरून खत. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी ओतून तळातून वाहू द्या आणि बशीतलं पाणी फेकून द्या.

माझ्या भागात बागेत कोणता लावू?

किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यात: ताड, थ्रिनॅक्स, कोकोथ्रिनॅक्स, प्रिचार्डिया. जांभ्याच्या जमिनीत, भरपूर पावसात: लिकुआला (पोफळीच्या बागेतल्या सावलीत तो फार खुलतो), चायना पाम, बजरबट्टू, लॅटानिया. पठारावर: बिस्मार्किया आणि वॉशिंग्टोनिया. कोरड्या उन्हात बिस्मार्कियाचा रुपेरी रंग सर्वांत चांगला येतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो जगतो, पण रंग मळकट दिसतो आणि पाणी साचलं तर जगतही नाही. वॉशिंग्टोनिया घ्यायचा तर रोबस्टाच घ्या. फिलिफेरा ही कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या वाळवंटातली जात, आपल्या दमट पावसाळ्यात ती टिकत नाही.

खड्डा केवढा घ्यायचा?

रुंदी मुळांच्या हुंडीच्या दुप्पट, खोली हुंडीइतकीच. जास्त खोल लावणं ही पाम मरण्याची सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत उशिरा कळणारी चूक. हुंडीची वरची पातळी जमिनीच्या पातळीला यावी. खोड डुगडुगतं म्हणून अर्धा हात जास्त गाडलं, तर मुळांना हवा मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि दोन-तीन वर्षांनी झाड जातं. तोवर खोल लावल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही. डुगडुगत असेल तर बांबूचे तीन टेकू द्या. खोडात खिळा मारू नका: पामाच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही.

काळ्या जमिनीत खड्ड्याऐवजी ३० ते ४५ सेंटीमीटर उंच, दीड मीटर रुंद वरंबा करून त्यावर लावा. खड्ड्यात मुरूम भरला आणि भोवती काळी माती राहिली, तर पावसाळ्यात तो खड्डा पाण्याने भरलेली टाकी होतो.

बिस्मार्कियाचा घेर पाच-सहा मीटर होतो. भिंतीपासून चार मीटर तरी सोडा.

मोठा पाम एका जागेवरून दुसरीकडे हलवता येतो का?

चायना पाम आणि वॉशिंग्टोनिया हलतात, पावसाळ्याच्या तोंडावर. बिस्मार्किया आणि लॅटानिया फार जोखमीचे: दोन-तीन महिने आधी एका बाजूने मुळं तोडून, पुन्हा माती भरून, नवी मुळं आल्यावरच उचला, आणि तरीही खात्री देता येत नाही. हलवताना खालच्या निम्म्या झावळ्या काढा, उरलेल्या वर बांधा. शेंड्याला धक्का लागू देऊ नका. सल्ला विचाराल तर तीन फुटी रोप घ्या. पाच वर्षांत ते क्रेनने आणलेल्या महागड्या झाडाला गाठतं.

पाणी किती?

नव्या लावलेल्या मीटरभर रोपाला पहिले दोन महिने दिवसाआड १५-२० लिटर, नंतर आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ताडाला आणि बिस्मार्कियाला पाण्याची गरज फार थोडी उरते. लिकुआलाची माती मात्र कधीच पूर्ण कोरडी होऊ देऊ नका.

खत कोणतं आणि किती?

पामाला नत्रापेक्षा (नायट्रोजन) पालाश (पोटॅशियम) जास्त लागतं. हिरवळीसाठी आणलेला युरिया पामालाही भरपूर टाकला की वाढ जोरात होते, पण आतलं पालाश अपुरं पडतं आणि झाड खंगतं. दोन मीटर उंचीच्या, जमिनीतल्या झाडाला जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत प्रत्येक वेळी:

- अमोनियम सल्फेट १०० ग्रॅम (जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत त्याऐवजी युरिया ४५ ग्रॅम)
- सल्फेट ऑफ पोटॅश ६० ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट ६० ग्रॅम

खोडापासून दोन वीत अंतर सोडून आळ्यात पसरा, मातीत हलकेच मिसळा, पाणी द्या. खोडाला चिकटून ढीग करू नका. वर्षातून एकदा दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. स्फुरद (फॉस्फरस) त्यातून पुरेसं मिळतं.

पानं पिवळी पडताहेत. काय कमी आहे?

आधी जुनी पानं पिवळी की नवी, ते ठरवा.

सर्वांत जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके, टोकं करपलेली: पालाश कमी. ही पानं कापू नका. झाड त्यांतूनच पालाश ओढून नव्या पानांना देत असतं. ती कापली की ते वरच्या हिरव्या पानांतून ओढायला लागतं. जुन्या पानांच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मधला भाग हिरवागार: मॅग्नेशियम कमी. दोन्हींत बिघडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. सुधारणा नव्या पानांत दिसते आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह. मातीत लोह असतंच, मुळांना ते घेता येत नाही. कारण पाणी साचणं, खोल लावणं किंवा चुनखडीची जमीन. आधी ते दुरुस्त करा, मग फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारा. चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) मातीतून द्यावं लागतं. नवी पानं आखूड, कुरतडल्यासारखी, करपून बाहेर येत असतील तर मँगनीज: मँगनीज सल्फेट लिटरला ३ ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा. इथे उशीर केला तर शेंडा जातो. नवं पान चुरगळलेल्या घड्यांसारखं अडकून बसलं तर बोरॉनची शंका घ्या, पण ते चमचाभर जास्त झालं तरी विष आहे, म्हणून पान-परीक्षण करूनच द्या.

पानं कात्रीने कापल्यासारखी दिसतात. कोण खातं?

गेंड्या भुंगा. तो शेंड्यातल्या न उमललेल्या पानाच्या सुळक्यात भोक पाडतो. पान उघडलं की घडीच्या दोन्ही बाजूंना सारखी कापणी दिसते. तो वाढतो कुजत्या शेणखतात आणि पडलेल्या ओंडक्यांत, तेव्हा उकिरडा पामांपासून दूर ठेवा आणि खतात मेटारायझियम बुरशी (भुंग्याच्या अळ्या मारणारी) मिसळा. झाडावर, सुळक्याजवळच्या तीन बगलांत निंबोळी पेंडीची पूड २५० ग्रॅम तितक्याच वाळूत मिसळून भरा.

खरा घातक लाल सोंड्या भुंगा. तो जखमेच्या वासाने येतो, म्हणजे गेंड्याने केलेल्या भोकांवर आणि माणसाने केलेल्या काप्यांवरही. खोडातून तपकिरी चीक, चावलेल्या चोथ्याचा आंबूस वास, कान लावला तर कुरकुर. मग मधला सुळका कलतो. सुळका कलल्यावर झाड सहसा वाचत नाही. ते कापून, खोड फोडून जाळा, नाहीतर भुंगा शेजारच्या माडांवर जाईल.

पावसाळ्यात मधलं पान ओढताच हातात आलं.

कोंबकूज. फायटोफ्थोरा बुरशीमुळे होते. कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापून काढा, एक टक्का बोर्डो मिश्रण (१०० लिटर पाण्याला मोरचूद १ किलो, चुना १ किलो) शेंड्यात ओता, वरून पाऊस लागणार नाही असा आडोसा करा. वाढीचा कोंब शाबूत असेल तर चार-सहा महिन्यांत वाकडंतिकडं पान येतं, पुढची सरळ येतात. ज्या बागेत हा रोग दर वर्षी येतो तिथे जूनच्या आधी एक फवारणी करून ठेवा.

झावळ्या किती काढाव्यात?

पूर्ण वाळलेल्या, तेवढ्याच. आडव्या रेषेच्या वर असलेली एकही कापू नये. सणावाराला सोसायट्यांमध्ये पाम भादरून चार पानांवर ठेवतात, ते झाडाला दोन वर्षं मागे नेतं आणि सोंड्याला आमंत्रण देतं. शेंडा उडवून उंची कमी करता येत नाही: एकखोडी पामाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की झाड गेलं.

नर की मादी, आधी कळतं का?

ताड, बिस्मार्किया, लॅटानिया, रावणताड आणि राफिस यांत नर-मादी झाडं वेगळी, आणि पहिला फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. ताडाला तो यायला बारा-पंधरा वर्षं सहज लागतात. ‘मादी रोप’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. चायना पाम, वॉशिंग्टोनिया, प्रिचार्डिया आणि बजरबट्टू यांची फुलं द्विलिंगी, एकच झाड पुरतं.

परदेशातून बिया मागवता येतात?

येतात, पण आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र हवं. पाकिटावर ‘मणी’ लिहून मागवलेल्या बिया कस्टममध्ये अडकतात, आणि सुटल्या तरी तोवर वाळून गेलेल्या असतात. बिस्मार्किया, लॅटानिया, चायना पाम यांची फळं देणारी झाडं आता आपल्याकडच्या जुन्या बागांत आणि रिसॉर्टांत आहेत. माळ्याला विचारून झाडाखालची ताजी बी गोळा करणं स्वस्त आणि भरवशाचं.